हाकेवरून पडलेलं आडनाव

१

मंगळवारी आणि शुक्रवारी कॉलेज सुटलं की मी नागपूरच्या मोहननगरला जात असे. चर्चच्या मागच्या गल्लीत शेवटचं बैठं कौलारू घर, पुढे जाळीचा व्हरांडा. तिथे वेताच्या खुर्चीत बेव्हिससाहेब माझी वाट पाहत बसलेले असत. इस्त्रीचा पांढरा शर्ट, तेल लावून मागे फिरवलेले केस.

"या मॅडम. ऊन लय आहे नं? कांताबाई, मॅडमले पाणी आणा जी."

कांताबाई त्यांच्याकडे स्वयंपाकाला होत्या. साहेबांची बायको डोरीन असल्यापासूनच्या. मुलगी रीना लग्न करून पर्थला गेली, मग डोरीन गेल्या, आणि त्या घरात हे दोघंच राहिले. कांताबाई संध्याकाळी आपल्या घरी जायच्या, मग एकटे साहेब.

मी ज्युनियर कॉलेजात फ्रेंच शिकवते. आमच्याकडची मुलं फ्रेंच घेतात ती मार्क पडतात म्हणून. त्यामुळे ऐंशीला टेकलेल्या एका निवृत्त अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरने फोन करून "मले फ्रेंच शिकाची आहे" म्हटलं, तेव्हा मला गंमत वाटली. पहिल्याच दिवशी मी विचारलं, कशासाठी?

"माझं आडनाव फ्रेंच आहे म्हणतात. त्याचा अर्थ पाहाचा आहे."

"त्यासाठी भाषा कशाला शिकायची? अर्थ मी शोधून सांगते."

"अर्थ तुम्ही सांगा," साहेब म्हणाले. "पण बोलावं तर मलेच लागन."

म्हाताऱ्या माणसाचं बोलणं म्हणून मी ते सोडून दिलं.

घर लहान होतं. पुढे बैठकीची खोली, मध्ये स्वयंपाकघर, बाजूने एक अरुंद बोळ, आणि बोळाच्या टोकाला मागची खोली. तिथे एक लोखंडी पलंग आणि डोरीनबाईंचं कपाट होतं. त्या खोलीत कोणी झोपत नसे, पण दार कायम सताड उघडं. आम्ही बैठकीत शिकवणी घ्यायचो तेव्हा साहेब नेहमी बोळाकडे तोंड करून बसत. मला पाठ करून बसावं लागे.

२

आडनावांची हौस मला आधीपासून होती. हौस म्हणणं बरोबर नाही. आमच्या लोकांना आडनाव काय असतं ते लहानपणीच कळतं. नाव सांगितलं की समोरचा थांबतो, पुढच्या शब्दाची वाट बघतो. मी 'वासनिक' म्हटलं, की त्याच्या चेहऱ्यावरून समजतं, त्याने मला कुठे नेऊन बसवलं ते. माझे आजोबा छप्पन्न साली दीक्षा घेऊन घरी आले. धर्म बदलला, देव्हारा गेला, आडनाव मात्र राहिलं. आडनाव टाकून देता येत नाही, असं ते म्हणायचे.

तेव्हा बेव्हिससाहेबांच्या आडनावाचा मी मन लावून शोध घेतला. पहिलं उत्तर लगेच मिळालं. उत्तर फ्रान्समध्ये बोव्हे नावाचं गाव आहे. हजारेक वर्षांपूर्वी नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यांच्यासोबत त्या गावचे काही लोक आले. गावावरून आडनाव पडलं, इंग्रजांच्या तोंडात त्याचं बेव्हिस झालं. आपल्याकडे नागपूरचा तो नागपुरे, तसं.

साहेबांनी मान हलवली. "नाही. गाव नाही."

"पुस्तकात तेच दिलंय."

"मॅडम, गावाले कोणी हाक मारते का?"

मला कळलं नाही. मग त्यांनी मला कॉलबॉयची गोष्ट सांगितली.

जुन्या काळी गाडीवर ड्युटी लागली की ड्रायव्हरला बोलवायला रेल्वेचा माणूस घरी येई. त्याला कॉलबॉय म्हणत. सायकलवर यायचा, फाटकाशी उभा राहून आडनावाने हाक मारायचा. साहेबांचे वडीलही ड्रायव्हर. त्यामुळे याच घरात त्यांनी लहानपणापासून ती हाक ऐकली. "बेव्हिससाब!" वडील उठायचे, डबा घ्यायचे, जायचे. पुढे ते स्वतः इटारसी लाईनला लागले, आणि तीच हाक त्यांच्यासाठी यायला लागली.

"पण दोन हाका होत्या," साहेब म्हणाले. "एक समोरून याची, फाटकातून. अन् एक मागून. मागची हाक आली की आई आमाले उठू देत नव्हती. आई कन्हानची होती माझी, मराठीच बोले. म्हणे, 'पहिल्या हाकेले ओ देऊ नोको गा, बाप्पा. कोणाची हाय पाहू दे.' दुसऱ्यांदा समोरून आली त बाबा जाये. नाही आली त आम्ही झोपून जाऊ."

"मागून कोण येणार? मागे तर भिंत आहे."

"हाव," साहेब म्हणाले. "मागं भिंतच आहे."

ते रिटायर होऊन वीसेक वर्षं झाली होती. कॉलबॉय तर त्याच्याही आधी बंद झाले, ड्युटी फोनवर कळायला लागली.

"अन् मागची?" मी विचारलं.

कांताबाई चहा घेऊन आल्या, आणि साहेब बिस्किटांबद्दल बोलायला लागले.

३

दुसरं मत मला काही दिवसांनी सापडलं. आडनावांच्या अभ्यासकांत त्याबद्दल वाद आहे, पण ते मला पहिल्यापेक्षा पटलं. बेव्हिस हे गावाचं नाव नाही, ते 'बो फिस' या दोन शब्दांवरून आलंय. बो म्हणजे छान, लाडका. फिस म्हणजे मुलगा. लाडक्या लेकरा.

मी साहेबांना समजावून सांगितलं. नॉर्मन राज्यात मोठ्या घरांतून, कोर्टकचेऱ्यांतून फ्रेंच चालायची. बाहेरचे इंग्रज ते शब्द ऐकत आणि जिभेला जमेल तसे म्हणत. कुठल्या तरी घरात कोणी तरी कोणाला रोज 'बो फिस' म्हणून हाक मारत असेल. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटलं, हेच त्याचं नाव. मुलाचं तेच झालं, नातवाचं तेच.

"आपल्याकडे नाही का, घरचे बाबू-बाबू करतात, मग तो सत्तर वर्षांचा झाला तरी गावभर बाबूच असतो."

साहेबांनी मला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. एकदा आजच्या उच्चाराने, एकदा जुन्या. जुन्या फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटचा आवाज जरा दातांवर घासून येतो. ब्योऽ फित्स. मी तसं म्हटलं आणि साहेबांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"असंच," ते म्हणाले. "मधात थांबते नं, असंच. आम्हाले वाटे बेव्हिस म्हणून राहिला. बेव्हिस नाही म्हणत थो."

मी हसले. हसायला नको होतं, पण दुपारचे चार वाजलेले, बाहेर भंगारवाला ओरडत होता, कांताबाई वांगी चिरत होत्या.

"आज या शब्दाचा काय अर्थ होते?" त्यांनी विचारलं.

"आज जावयाला म्हणतात. किंवा सावत्र मुलाला."

"सावत्र म्हणजे?"

"म्हणजे आपला नसलेला, पण आपला म्हटलेला."

"हे बरोबर आहे," साहेब म्हणाले. एखाद्या गाडीची वेळ बरोबर निघावी तसे. मग माझ्याकडे पाहून, अगदी साध्या आवाजात, "मॅडम, म्हणजे हे नाव नाही. हाक आहे."

"हाक होती."

"होती? मग बंद केव्हा झाली?"

"साहेब, ज्याने पहिली हाक मारली तो माणूस मरून हजार वर्षं झाली असतील."

"हे तुमाले कोणं सांगतलं?"

याचं उत्तर कोणत्याही पुस्तकात मिळालं नसतं. आडनाव कोणाला मिळालं ते लोक लिहितात, कोणी दिलं ते कुणी लिहीत नाही.

४

पुढच्या शुक्रवारी मी ती हाक ऐकली.

साहेब न्हाणीत हात धुवायला गेले होते. मी बैठकीत त्यांची वही तपासत होते. पाठीमागे बोळ. कांताबाई अंगणात वाळवण उलटवत होत्या, त्यांच्या बांगड्या वाजत होत्या. आणि मागच्या खोलीतून कोणी तरी हलक्या आवाजात दोन शब्द म्हणालं.

आवाज मोठा नव्हता. घाबरवणारा तर नव्हताच. जेवायला पान वाढून झालं की आईबाप पोराला बोलावतात, तसा. फक्त तो भिंतीकडे तोंड करून बोलल्यासारखा येत होता.

पहिल्यांदा मला वाटलं, साहेबच माझी गंमत करताहेत. पण न्हाणीत नळ चालू होता आणि साहेब नाक शिंकरत होते. मग वाटलं, शेजारचा टीव्ही. स्टेशन फार लांब नाही, वारा असला की तिथली घोषणा इकडे ऐकू येते. असंही आहे, की आठवडाभर एकच शब्द घोळवला तर तो कानाला कुठेही ऐकू येतो. परीक्षेच्या दिवसांत मला मिक्सरमध्ये क्रियापदं ऐकू येतात.

मी उठून मागच्या खोलीत गेले. पलंग, कपाट, भिंतीवर येशूचं चित्र. एकच खिडकी, तिच्या बाहेर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची मागची भिंत. खोलीत कोणी नव्हतं. पलंगावरची चादर ताणून घातलेली. मी कपाटसुद्धा उघडून पाहिलं, आणि त्यातल्या डांबराच्या गोळ्यांच्या वासाने मला माझीच लाज वाटली.

परत आले तर कांताबाई दारात उभ्या.

"आयकली का जी?"

"काय?"

"मी त रोज आयकते. पैले भेव लागे, आता नाही लागत. माझ्या नावानं थोडी बोलवून राहिला थो."

५

जानेवारीत डोरीनबाईंचं वर्षश्राद्ध झालं. वर्षश्राद्ध हा कांताबाईंचा शब्द, साहेबांकडे चर्चमध्ये प्रार्थना होते. त्यानंतरच्या मंगळवारी साहेब पहिल्यांदाच थकलेले दिसले. पुस्तक उघडलंच नाही.

"मॅडम, फ्रेंचमध्ये हाकेले ओ कशी देतात?"

मी पेन खाली ठेवलं.

"मी समजून राहिलो तुम्हाले काय वाटते थे. पण पाहा. रीना मले डॅड म्हणते, थेही रविवारी फोनवर. तुम्ही अन् कांताबाई साहेब म्हणता. डोरीन मले रॉनी म्हणे, थे गेली. मले लेकरा म्हणणारं कोणी उरलं का? साऱ्या दुनियेत एक जण मले लेकरा म्हणून बोलावते, रोज बोलावते, अन् मी ऐंशी वर्षं तोंड दाबून बसलो. बाबाही तसेच गेले. त्याहीचे बाबाही. कोणंच ओ नाही देली. काहून? भाषा येत नव्हती म्हणून?"

"तुमची आई नको म्हणत होती."

"आईले वाटे, मरण बोलावून राहिलं. मरण असं बोलावते का मॅडम? तुम्ही त ऐकलं."

मी ऐकलं होतं. आणि मरण तसं बोलावत नाही हे मलाही वाटत होतं. एका बाजूला माझी बुद्धी सांगत होती, की एका एकट्या म्हाताऱ्याला भास होतो, आणि भासाला उत्तर दिल्याने कोणाचं काही बिघडत नाही. उलट त्याला बरं वाटेल. दुसऱ्या बाजूला काही तरी होतं, पण त्याला शब्द नव्हते. मी शिक्षिका आहे. विद्यार्थी वाक्य विचारतो, आपण वाक्य देतो.

"म व्वासी," मी म्हटलं. "म्हणजे, हा मी इथे."

त्यांनी ते पुन:पुन्हा म्हणून पाहिलं. 'व्वा' नीट जमेपर्यंत सोडलं नाही. मग उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला, जे त्यांनी कधी केलं नव्हतं, आणि मला फाटकापर्यंत सोडायला आले.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी कांताबाईंचा फोन आला. "मॅडम, लवकर या जी. साहेब मागच्या खोलीत खाली बसून आहेत. मले वळखून नाही राहिले."

साहेब भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. लागलं कुठेच नव्हतं. चेहरा शांत, थोडा हसरा. मी "बेव्हिससाहेब" म्हटलं, तर त्यांनी वर पाहिलं नाही. खांद्याला हात लावला तेव्हा पाहिलं, आणि मान झुकवून, फार अदबीने, काही तरी म्हणाले.

ते फ्रेंच होतं. मला निम्मं समजलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला. अगदी लहान गुठळी, ते म्हणाले, भाषेच्या जागी. वाचले म्हणायचे. अशा झटक्यात माणूस नंतर शिकलेल्या भाषा विसरतो, लहानपणची तेवढी राहते. "यांची मातृभाषा फ्रेंच होती का?" त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हटलं. लहानपणीची मराठी, मग इंग्रजी, रेल्वेतली हिंदी. फ्रेंच ते आत्ताआत्ता शिकत होते, बाजारात भाजी घेण्याइतकीही येत नव्हती. डॉक्टर म्हणाले, "होतं कधीकधी असंही," आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

शिकवताना मी त्यांना पाण्यासाठी जो शब्द दिला होता, तो त्यांनी वापरला नाही. दुसराच, जुना वापरला. आज कोणी दुकानात जाऊन यादवांच्या काळातल्या मराठीत पाणी मागावं, तसा.

चार दिवसांत ते घरी आले. चालणं सुधारलं होतं, पाठ ताठ झाली होती. पण घरात ते पाहुण्यासारखे वावरत. भिंतींना हात लावून बघत, नळ सोडून पाण्याकडे बघत राहत. वेताच्या खुर्चीत बसले नाहीत, तिच्या शेजारी उभे राहिले, आम्ही बसा म्हणेपर्यंत. आणि आल्याआल्या त्यांनी मागच्या खोलीचं दार स्वतःच्या हाताने लावलं, कडी घातली. त्या घरात ते दार लागलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

रीना पर्थहून धावत आली. चाळिशीची, बोलकी, वडिलांसारखेच रुंद खांदे. नागपूर सोडून बरीच वर्षं झाली तरी रडताना ती मराठीत रडली. मग डॉक्टरांशी बोलून तिला धीर आला. वडील तिला ओळखत नव्हते, पण ती हात धरून बसली की बसू देत. आठवडाभरात त्यांच्या तोंडी इंग्रजीही येऊ लागली. 'थँक यू', 'माय डिअर'. रीनाला वाटलं, बरे होताहेत. मला वाटलं, शिकताहेत. तिने जे म्हटलं तेच ते थोड्या वेळाने म्हणत.

"डॅड आधीपेक्षा प्रेमळ झालेत," ती मला म्हणाली. "आधी किती कमी बोलायचे माझ्याशी. आता बघा, माझ्या चेहऱ्यावरून नजर काढत नाहीत."

तिने त्यांना पर्थला न्यायचं ठरवलं. मी काय सांगणार होते? मी सांगून पाहिलं. म्हटलं, थोडं थांबा, त्यांना पूर्ण बरं होऊ द्या, इथली माणसं आहेत, घर आहे. ती म्हणाली, मॅडम, तुम्ही खूप केलंत, पण ते माझे वडील आहेत. विमानतळावर ते माझ्याजवळ येऊन वाकले, माझा हात हातात घेतला. हात कोरडा आणि ऊबदार होता. डोळ्यांत खरंखुरं उपकाराचं पाणी होतं. तेवढ्यानेच मला तिथे उभं राहवेना.

७

मार्चमध्ये रीनाने घर भाड्याने द्यायचं ठरवलं आणि सामान आवरायची विनंती केली. मी आणि कांताबाई रविवारी दुपारी गेलो. पुढच्या दोन खोल्या लवकर झाल्या. कांताबाईंनी भांडी पोत्यात बांधली आणि पोतं घेऊन व्हरांड्यात जाऊन बसल्या.

"मागची खोली?"

"तुम्ही पाहा जी. मी नाही जात."

"आता तर आवाज येत नाही ना?"

"नाही येत. साहेब दवाखान्यातून आले तवापासून बंद झाला." त्यांनी पोत्याची गाठ पुन्हा आवळली. "पण आतमंदी कोणी आहे. घरात माणूस असला की कसं कळते, बोलला नाही तरी? तसं."

तेवढ्यात रीनाचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे संध्याकाळ झाली होती. ती खुशीत होती.

"मॅडम, मम्मीचं कपाट दाखवा ना, त्यात तिचा लग्नाचा ड्रेस असेल. आणि एक विचारायचं होतं. डॅड करिष्माला काही तरी म्हणतात, बेल फीय. काय अर्थ?" करिष्मा तिची मुलगी, सहा वर्षांची.

"लाडक्या मुली," मी म्हटलं. मी बोळात शिरले होते.

"वाटलंच! तिला फार आवडतं. ओ देते ती त्यांना, फ्रेंचमध्ये. त्यांनीच शिकवलं. परवा तर गंमत झाली, डॅड माझ्यासमोर झोपले होते आणि ही आपल्या खोलीतून ओ देतेय. मी म्हटलं, अगं, कोणाला?"

मी कडी काढली. खोली होती तशीच होती. पलंग, कपाट, खिडकीबाहेरची भिंत. चादर ताणलेली. मी पलंगाकडे पाठ करून कपाट उघडलं, ड्रेस दाखवला. रीना लगेच उठली. "थांबा, डॅडना दाखवते. डॅड, लुक! आपलं घर."

पडद्यावर साहेबांचा चेहरा आला. दाढी नीट केलेली, गाल भरलेले. रीनाने त्यांना फोन हातात दिला असावा, कारण चेहरा जवळ आला आणि मागची बाग हलली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या खांद्याच्या जरा वरून पाहिलं. पाहत राहिले. मग हलक्या आवाजात, जेवायला बोलवावं तसं, ते म्हणाले,

"ब्योऽ फित्स."

व्हिडिओ कॉलवर कोपऱ्यात एक लहान चौकोन असतो, त्यात आपण स्वतः दिसतो. माझी नजर तिकडे गेली. माझा चेहरा, कपाटाचं उघडं दार, आणि माझ्या मागे पलंग. पलंगाच्या कडेला कोणी तरी बसलं होतं. पांढरा शर्ट होता. दोन्ही हात गुडघ्यांवर. हाक आली म्हणून मान वर होत होती.

"हाव," माझ्या पाठीमागून आवाज आला. "हाव जी. आलोच."

मी वळले नाही. फोन बंद केला. कपाटाच्या दाराला धरून बाजूबाजूने सरकत दारापर्यंत आले, बोळातून बैठकीत, बैठकीतून व्हरांड्यात. पायरीवर बसले तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं.

कांताबाई माझ्याकडे बघत होत्या. "कोण बोललं आत?"

"फोनवर होते मी. रीना."

"फोन नाही. 'हाव' कोण म्हणलं?"

मला खोटं बोलता आलं नाही. "साहेब."

"आपले साहेब?"

मी मान डोलावली. कांताबाईंचा चेहरा बदलला. भीती जाऊन तिथे राग आला, माझ्यावर, स्वतःवर, कोणावर कोण जाणे.

"थे आत आहेत अन् आपण दोन महिन्यापासून कडी लावून ठेवली? पाणी नाही, चहा नाही?" त्यांनी पोत्याची गाठ सोडली, चहा करायचा गंज आणि कप काढला. "साहेब असन त मले भेव काहून लागन? मी ठेवते चहा."

त्या आत गेल्या. गॅस पेटल्याचा आवाज आला. मग बोळातून त्यांचं बोलणं, रोजच्यासारखं, जरा कुरकुरतं, "साखर कमीच टाकली जी, डाक्टरनं सांगतलं होतं."

कांताबाईंची भीती संपली होती. माझी आत्ता कुठे सुरू होत होती. साहेब इथे होते, तर तिकडे त्या बागेत रीनाचा फोन हातात धरून कोण बसलं होतं? साहेबांनी एकदाच ओ दिली आणि त्यांची जागा दुसऱ्याने घेतली; करिष्मा तर ओ द्यायला शिकली होती. मी रीनाला फोन लावला. काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं. करिष्माला आजच्या आज त्या घरातून बाहेर काढ, एवढंच सांगणार होते.

रिंग जात राहिली. मी पुन्हा लावला. पुन्हा लावला. दोन मिनिटांपूर्वी तो फोन त्यांच्या हातात होता, आणि आता कोणी उचलत नव्हतं.